कोपरावरचा वाकडा रफू

तीर्थस्वरूप मामा यांस,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार नुसता लिहिण्यापुरता नाही. खरोखरच जमिनीवर पालथा पडून लिहितोय, कारण घरातल्या एकुलत्या एक टेबलावर तुमचा कोट पसरलेला आहे आणि त्याच्या शेजारी शाईचं पेन न्यायचा मला आता धीर होत नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? थंडीत धरतात म्हणून मागे सांगत होता. खोकला गेला का? इकडे सगळे बरे आहेत. म्हणजे तुमची भाचेसून बरी आहे, शिवणयंत्र बरं आहे, आणि मी जसा असायला हवा तसा आहे, तोंड लपवून.

हे पत्र तुम्ही वाचणार नाही, मामी वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. तुमचा चष्मा त्या दिवशी स्टुडिओतल्या खुर्चीवर राहिला तो माझ्याकडे आहे, आणि जुन्या चष्म्याची काडी तुटलेली आहे. (मामी, तू एक कर. मधलं काही गाळू नकोस आणि स्वतःचं काही घालू नकोस. मागे माझ्या लग्नाचं पत्र वाचताना तू मधेच माझ्या सासऱ्यांच्या टकलावर बोललीस, आणि मामांना वाटलं ते मीच लिहिलंय. आणि हे ऐकताना मामा उठून गॅलरीत गेले, तर तूही मागोमाग जा आणि तिथे उभी राहून वाच.)

फोन करून पाहिला. दर वेळी मामी उचलते आणि दर वेळी तुम्ही अंघोळीला गेलेले असता. मामा, माणूस खरंच इतक्या अंघोळी करायला लागला असता तर एव्हाना साबणासारखा झिजून गेला असता. तुम्ही माझ्याशी बोलत नाही हे मला समजतं आणि ते योग्यच आहे. पण मामी म्हणाली, यंदाच्या पलटणीच्या मेळाव्याला येत नाही असं तुम्ही कळवून टाकलंत. ते ऐकल्यापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. दरवर्षी तुम्ही सगळे आपापले ते लांब लोकरी कोट घालून त्या हॉलमध्ये जमता, आणि दरवर्षी कोट कमी होत चाललेत, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. त्यातला एक कोट यंदा माझ्यामुळे कमी व्हावा, हे मला सहन होत नाही. मामा, तुम्ही जा. माझ्याशी बोलू नका हवं तर, पण तिकडे जा. एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

आता सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे दोष कुणाकुणाचा होता ते नीट कळेल. (शेवटी तो माझाच निघतो. पण वाटेत थोडा इतरांना वाटता आला तर बघतो.)

आमच्या दिग्दर्शकांना युद्धपट काढायचा होता. गृहस्थाने आयुष्यात डास मारण्यापलीकडे हिंसा केलेली नाही, पण युद्धावरच्या कादंबऱ्यांची दोन कपाटं वाचून काढली होती आणि मिळतील तेवढे युद्धपट पाहिले होते. सिनेमा ठरला त्या दिवसापासून ते गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडायला लागले. समोर हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाकडेही दुर्बिणीतून बघून बोलायचे, म्हणून आम्ही त्यांना दुर्बीणसाहेब म्हणतो. त्यांचं सगळं युद्ध दुसऱ्याच्या सिनेमातून आलेलं, त्या दुसऱ्याचं तिसऱ्याच्या कादंबरीतून, आणि तो तिसरा कुठे बसून लिहीत होता देव जाणे. कादंबरीत नायकाच्या छातीवरच्या खिशात बायकोचा फोटो असतो आणि गोळी नेमकी त्या फोटोतून जाते. म्हणून आमच्या नायकालाही खिसा हवा होता, आणि तो शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसायला हवा होता. (मी तो इतका मोठा शिवला की फोटो कशाला, बायकोच मावली असती.) शिवाय नायकाची मान देखणी आहे, तेव्हा कॉलरचं बटण लागता कामा नये. बर्फाचं वादळ चालू, बाकीच्या सगळ्यांचे दात वाजतायत, आणि हा आपला गळा उघडा टाकून उभा. मी एकदा भीत भीत म्हटलं, साहेब, सर्दी होईल. तर म्हणाले, शूर माणसाला सर्दी होत नाही. तेव्हा मला तुमची आठवण झाली होती. तुम्ही एकदा म्हणाला होता की तिकडे निम्मी पलटण नाक शिंकरत असायची, आणि रात्री शत्रू कुठे आहे ते त्याच्या खोकल्यावरून कळायचं.

आणि माणसं तर इतकी अपुरी, की आपलं सैन्य आणि शत्रूचं सैन्य एकच. सकाळी आपले, जेवणानंतर शत्रू. सुट्टीत मी आणि माझे दोन कारागीर भराभर सगळ्यांचे कोट बदलायचो. एक जण तर सकाळी शत्रूवर गोळी झाडताना कॅमेऱ्यात टिपला गेला आणि दुपारी तीच गोळी खाऊन मेला. स्वतःचाच मुडदा पाडणारा असा दुसरा माणूस मी पाहिला नाही. एके दिवशी घाईत एकाच्या अंगात आपला कोट आणि डोक्यावर शत्रूची टोपी राहिली. दुर्बीणसाहेब ओरडले, तू नेमका कुठल्या बाजूचा? तो म्हणाला, साहेब, ज्या बाजूला सावली आहे त्या. (मला वाटतं, सबंध सिनेमात युद्धाबद्दल तेवढंच एक वाक्य खरं होतं, आणि ते कुणी लिहिलेलं नव्हतं.)

पण मी विषयांतर करतोय. मामा, खरं सांगायचं तर मुद्दामच करतोय, कारण यापुढे माझा भाग येतो.

नायकासाठी मी डझनभर कोट शिवले होते. एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा. तरी दुर्बीणसाहेबांचं समाधान होईना. प्रत्येक कोटाकडे दुर्बिणीतून बघायचे आणि म्हणायचे, यात आत्मा नाही. आता कोटाला मी अस्तर लावू शकतो, खांदे भरू शकतो, आत्मा कुठून लावू? चहाच्या वेळी सगळ्यांसमोर असंच चाललं होतं. कॅमेरावाला हसत होता, नायक हसत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी म्हणून गेलो, माझ्या मामांकडे खरा आहे. खऱ्या लढाईतला. तोंडातून शब्द निघाला आणि सगळ्यांचे कप खाली आले, आणि मामा, मला ते आवडलं. इतकी वर्षं कपडेपटात काम करतोय, पण त्याआधी माझ्या बोलण्याने कुणी चहाचा कप खाली ठेवल्याचं आठवत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग मी तुमच्याकडे आलो. तुम्ही नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. (बघा, दोष वाटायला सुरुवात झाली.) तुम्ही काहीच विचारलं नाहीत. कपाट उघडलंत, डांबराच्या गोळ्यांचा वास आला, मलमलीच्या कापडात गुंडाळलेला तो कोट तुम्ही दोन्ही हातांवर आडवा घेऊन आलात आणि एवढंच म्हणालात, ‘‘जसा नेतोस तसा आण.’’ मी म्हटलं, मामा, ओरखडा येणार नाही. माझं हे वाक्य मला आता अंघोळ करताना, जेवताना, सुई ओवताना ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मी तो माझ्या डझनभर कोटांच्या रांगेत टांगला. दुर्बीणसाहेब आले, सगळ्यांवरून दुर्बीण फिरवली आणि नेमके तुमच्यापाशी थांबले. मी छाती फुगवून उभा. तर म्हणाले, हा एक फारच खोटा वाटतो.

मामा, त्यांचं चुकलं नव्हतं. तुम्ही इतकी वर्षं तो कोट दर हिवाळ्याआधी उन्हात घातला, ब्रशने झाडला, ओलं फडकं ठेवून इस्त्री केली, बटणं घासून चकचकीत केली. रांगेतल्या सगळ्या कोटांत तोच एक नवाकोरा दिसत होता. माझे कोट चार महिन्यांपूर्वी शिवलेले, पण त्यांना मी चहाच्या पाण्यात बुचकळून, तारेच्या ब्रशने घासून, उन्हात वाळवून असे म्हातारे केले होते की त्यांच्यापुढे तुमचा कोट लग्नाला निघालेला वाटत होता. मी म्हटलं, साहेब, हाच तर खरा. तर म्हणाले, खरा असेल, पण खरा वाटत नाही. याला जुना करा.

आमच्या कपडेपटाची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. डावीकडच्या दांडीला टांगलं ते बिघडवायचं, उजवीकडच्या दांडीला टांगलं ते तयार. वर्षानुवर्षांची सवय. हात आपोआप चालतो, डोकं विचारत नाही. तुमचा कोट डाव्या दांडीवर गेला. कारागीर पुढे आला, तर मी त्याला हात लावू दिला नाही. म्हटलं, मामांचा कोट आहे, दुसऱ्या कुणाचा हात नको, मीच करतो. ऐकलंत ना मामा? आदरापोटी. इतक्या आदराने कुणी कुणाच्या कोटाचा खून केला नसेल. तारेचा ब्रश मी फिरवला. घासकागदाने बाह्यांच्या कडा मी झिजवल्या. छातीवर गोळ्यांची तीन भोकं हवी होती, ती तापलेल्या सळईने मी पाडली, आणि मनाची समजूत घातली की मी रफूगार आहे, भोकं बुजवणं हा माझ्या डाव्या हातचा मळ, सिनेमा संपला की असा बुजवीन की मामांना कळणारही नाही.

आणि कोपरावरचा तो रफू. उजव्या कोपरावर मागच्या बाजूला बोटभर लांब, करड्या कोटावर तपकिरी लोकरीचा, एक टाका इकडे, एक टाका तिकडे, मधेच गाठ, शेवटी दोन गाठी. टाके सगळे उलट्या बाजूला कललेले. मी तो पाहिला आणि माझ्यातला शिंपी जागा झाला. मनात आलं, हे पडद्यावर दिसलं तर लोक म्हणतील या कपडेपटवाल्याला साधा रफू जमत नाही. सबंध कोटात तेवढी एकच गोष्ट युद्धातली होती, मामा. ना साफ केलेली, ना इस्त्रीने बदललेली. ती मी कात्रीच्या टोकाने टाका टाका करून उसवली आणि तिथे करड्या धाग्याने असा रफू केला की दुर्बिणीतूनही दिसू नये. मग त्यावर घासकागद मारला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. (मामी, इथे पाणी पिऊन घे.) तुम्हाला चित्रीकरण बघायला या म्हणून आग्रह मीच केला. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. मी नायकाच्या नावाची खुर्ची तुम्हाला दिली. मला वाटत होतं तुम्ही आतून सुखावाल, सगळ्या स्टुडिओला दिसेल की हे माझे मामा, आणि माझी मान थोडी उंच होईल. त्या दिवशी नायकाचा मृत्यू होता. त्याला मरताना बोलायला दीड पान संवाद होता. त्यात आई होती, देश होता, गावाकडची विहीर होती, बायकोला निरोप होता, आणि शेवटी शत्रूलाही क्षमा होती. रक्त आम्ही साखरेच्या पाकात रंग घालून करतो, तेव्हा त्याला मुंग्या लागल्या. विहिरीपर्यंत आला की नायक पोट खाजवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मरायचा. आजूबाजूला पडलेले हुतात्मेही चुळबुळ करत होते. मी हसत होतो. मागे वळून पाहिलं तर तुम्ही चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

मग नायक तुम्हाला भेटायला आला, कोटासकट. मुलगा वाईट नाही. म्हणाला, तुमच्यासारख्यांमुळे आम्हाला अभिनयाची संधी मिळते. तुम्ही छातीवरच्या भोकांकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचा उजवा हात हातात घेतलात, कोपर चाचपलंत, आणि मला विचारलंत, ‘‘इथला रफू?’’

आणि मी, चारचौघांत, हसून म्हणालो, ‘‘काढला मामा. कुणा अडाण्याने घातला होता.’’

तुम्ही म्हणालात, ‘‘हो. त्याला शिवता येत नव्हतं.’’ इतकंच. मग पाणी मागितलंत. मी धावत आणायला गेलो, आणि येईपर्यंत खुर्चीवर नुसता चष्मा होता.

संध्याकाळी मी मामीला फोन केला. तिने सांगितलं ते तुम्ही तिला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतंत म्हणे, आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीत. तुमच्याबरोबर तो डावखुरा होता, ज्याला सगळे डावऱ्या म्हणायचे. तारेच्या कुंपणात तुमची बाही फाटली. थंडी अशी की कोपरातून वारा थेट हाडात जायचा. धागा नव्हता. तर त्याने पायातला मोजा काढला, वरची कड उसवली आणि त्या लोकरीने तुमची बाही शिवली. तुम्ही हसत होतात, कारण त्याला सुई धरता येत नव्हती आणि तो बोटं टोचून घेत शिव्या देत होता. दुसऱ्या दिवशी तो पाण्याचे डबे घेऊन गेला. आई नाही, देश नाही, विहीर नाही. ‘‘डबे रिकामे आहेत, भरून आणतो’’ म्हणाला आणि गेला. परत आला नाही.

मामा, मला हे कधीच माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं हीच माझी मोठी चूक. कारण माहीत करून घेण्यासारखं सगळं माझ्या नाकासमोर होतं. सिनेमागृहात युद्धपट चालू असताना तुम्ही मोठ्याने म्हणायचा, ‘‘मोजे कुणाचेच ओले नाहीत.’’ लोक मागे वळून बघायचे, मामी तुम्हाला कोपराने ढोसायची, आणि शेवटी तिने तुमचं सिनेमाला जाणंच बंद केलं. मी ते वाक्य नक्कल करून सगळ्या पाहुण्यांत सांगायचो. आणि त्या वाचनालयातल्या युद्धकादंबऱ्या. तुम्ही आणायचा, अर्ध्यावर सोडायचा, मग मी फुकटात वाचायचो. प्रत्येकीत खूण म्हणून बसचं तिकीट असायचं. मी तुम्हाला चिडवायचो की मामा, तुम्हाला शेवटपर्यंत दमच निघत नाही, सांगू का काय होतं? आणि मी सांगायचोसुद्धा. परवा पलंगावर पडल्या पडल्या मला ती सगळी तिकिटं एकेक करून आठवली. सगळी एकाच जागी होती. जिथे नायकाचा पहिला मित्र मरतो, तिथे. तिथून पुढे तुम्ही कधी गेलाच नाहीत, आणि मी मूर्खासारखा तुम्हाला शेवट सांगत बसायचो.

मामा, मी चुकलो. त्यात आता कुणाचा वाटा नाही. दुर्बीणसाहेबांना मी नाही म्हणू शकलो असतो. नोकरी गेली नसती, फार तर चहाच्या वेळी पुन्हा हसले असते. ते हसू नये म्हणून मी डावऱ्याचे टाके उसवले.

आता काय केलंय ते सांगतो. कोट मी त्याच दिवशी नायकाच्या अंगातून काढून आणला. (तो विचारत होता, मी आता काय घालून मरू? मी म्हटलं, लाज असेल तर ती घाल. नंतर त्याची माफी मागितली, कारण बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.) पाक धुऊन काढला. मुंग्या काही दिवस येतच राहिल्या, खिशाच्या शिवणीत वसाहत केली होती, त्यांनाही समजावून लावलं. छातीची भोकं अस्तराच्या आतल्या बाजूचे धागे काढून त्याच धाग्यांनी बुजवली. तुमच्या भाचेसुनेला शोधायला सांगितलं, तिला सापडली नाहीत. बाह्यांच्या कडा पुन्हा दाबून बसवल्या. बटणं तुमच्यासारखी घासली. उन्हात घातला, झाडला, ओलं फडकं ठेवून इस्त्री केली. आता तो पुन्हा अगदी खोटा वाटतो, मामा. तुम्हाला बरं वाटेल.

पत्र संपलं की घडी घालून मलमलीत गुंडाळतो आणि पार्सलने धाडतो. मेळाव्याच्या आत पोहोचेल. माझ्यावरचा राग तसाच ठेवा, पण कोट घालून जा. मामीला नमस्कार. आमच्याकडून यापुढे कुणाला कसलाही आग्रह होणार नाही.

तुमचा भाचा,
ज्याला तुम्ही लहानपणी ‘टाचणी’ म्हणायचा आणि जो सगळीकडे टोचतच राहिला, तो.

ता. क. सिनेमा जोडून झाला. परवा आम्हा सगळ्यांना दाखवला. तुमच्या कोटाचं दृश्य त्यात नाही. मी घाबरत घाबरत विचारलं, तर दुर्बीणसाहेब म्हणाले, तो तुकडा काढला, कोट शेवटपर्यंत खरा वाटला नाही. नायक आता मी शिवलेल्या कोटात नदीत पडून मरतो, एकही शब्द न बोलता, कारण तोंडात पाणी जातं. बघवतं तरी. पण सबंध सिनेमाभर मी फक्त त्यांचे पाय बघत होतो. नदीतला एक नायक सोडला, तर मोजे कुणाचेच ओले नव्हते. मी ते मोठ्याने म्हणालो. सगळे मागे वळून बघत होते.

ता. क. दुसरा. वर पार्सलचं लिहिलंय ते खोटं आहे. कोट पाठवणार नाही. सगळं झालं, कोपर राहिलंय. माझा सुबक रफू मी उसवून टाकला आणि ती जागा फाटकी ठेवली आहे. डावऱ्याची लोकर सापडली. आमच्याकडे उसवलेले धागे फेकत नाहीत, डब्यात साठवतात आणि त्यांनी टाचण्या खोचायच्या गाद्या भरतात. मी कपडेपटातल्या सगळ्या गाद्या फोडल्या. (आता टाचण्या साबणाच्या वडीत खोचतोय.) एकीत ती मिळाली. उसवलेल्या मोज्याच्या लोकरीला वळण राहतं, कितीही ओढा, जात नाही, त्यावरून ओळखली. पण मामा, शिवता येत नाहीये. दुसऱ्या लोकरीने, चिंधीवर सराव करून पाहिला. मी वाकडा टाका घालायला जातो आणि तो सरळ येतो. मुद्दाम वाकडा केला तर मुद्दाम केलेला दिसतो. डाव्या हाताने घातला, तर हा हातही लेकाचा शिकलेला निघाला. तुमची भाचेसून म्हणाली, लोक चांगलं शिवता यावं म्हणून रडतात, तुम्ही वाईट येत नाही म्हणून रडताय. मी खरंच रडत होतो. या कामाला शिवता न येणाराच माणूस हवा, आणि आपल्या सगळ्या गोतावळ्यात तसा एकच आहे. मामी सांगते, तिच्या आजारपणात तुम्ही शर्ट मांडीवर घेऊन बटण लावलंत, आणि उठलात तेव्हा शर्ट अंगातल्या विजारीला शिवलेला होता. तेव्हा तुम्ही या. तो रफू कसा घातला गेला, हे समोर पाहिलेले आता तुम्ही एकटेच आहात. मी नुसता त्याचा वाकडेपणा पाहिला आणि उसवला. तुम्ही शिवाल तो त्याच्यासारखा होणार नाही, पण माझ्यासारखाही होणार नाही. मी शेजारी बसेन, एक शब्द बोलणार नाही, आणि बोटाला टोचली तर शिव्या हव्या तेवढ्या द्या.

ता. क. तिसरा, आणि हा मामीने हळू वाचावा. चष्मा पोस्टाने पाठव म्हणून तू सारखी सांगतेस, पण मी मुद्दाम ठेवून घेतलाय. पाठवला तर ते यायचे नाहीत. सुई ओवून ठेवली आहे, खिडकीपाशी खुर्ची मांडली आहे. चष्मा काम झाल्यावर मिळेल. आधी दिला तर टाके सरळ यायचे.